साखरपुड्यासाठी नखांवर नक्षी, घरात आहे तेवढ्या सामानात

खानापूर तालुक्यातल्या एका मुलीने विचारलंय: "अक्का, पुढच्या आठवड्यात माझ्या मोठ्या बहिणीचा साखरपुडा आहे. तिची आणि माझी नखं घरीच सजवायची आहेत. बेळगावला पार्लरला येऊन जायचं म्हणजे अख्खा दिवस मोडतो. घरात नेलपॉलिशच्या चार बाटल्या आहेत: मरून, सोनेरी, पांढरी आणि एक पाण्यासारखी पारदर्शक. बारीक ब्रश, स्टिकर, मशीन काही नाही. उजव्या हाताला लावताना सगळं बोटभर पसरतं, आणि लावलेलं दोन दिवसांत टवके उडून जातं. काय करू?"

चार बाटल्या पुष्कळ झाल्या. बेळगावच्या शहापुरात माझं पार्लर आहे, आणि खानापूर, हुक्केरी, संकेश्वर, निपाणी अशा सगळ्या भागांतल्या नवऱ्यामुलींचे हात माझ्या टेबलावर येऊन गेलेत. त्यावरून सांगते, हत्यार नसल्यामुळे नक्षी बिघडत नाही. नख नीट तयार केलेलं नसतं, कोट जाड दिलेला असतो, सुकायला वेळ दिलेला नसतो, म्हणून ती बिघडते. दोन दिवसांत टवके उडण्याचं कारणही हेच. म्हणून आधी नखाचं बोलते, नक्षीकडे मग वळू.

नख म्हणजे केराटिन नावाच्या प्रथिनाचे एकावर एक बसलेले पातळ पापुद्रे. ते पाणी पितं, थोडं फुगतं आणि सुकलं की परत आकसतं. अंघोळ करून आल्याआल्या किंवा भांडी घासून हात पुसले की लगेच आपण नेलपॉलिश लावायला बसतो. ते लावलं जातं फुगलेल्या नखावर. तासाभरात नख आकसतं, वरचा रंगाचा थर त्याच्याबरोबर आकसत नाही आणि कडेपासून पकड सुटायला लागते. त्यामुळे पाण्यातून हात काढल्यावर निदान तासभर जाऊ दे. दुसरा शत्रू तेलकटपणा. वेणी घातली, कणीक मळली, फोडणी दिली, की नखावर तेलाचा पातळ हात बसलेला असतो, तो डोळ्यांना दिसत नाही. रंग लावायच्या अगदी आधी कापसावर थोडं रिमूव्हर घेऊन प्रत्येक नख पुसायचं, आधीचा रंग नसला तरीही. त्यानंतर केसांना, चेहऱ्याला हात लावायचा नाही. एवढं एक केलंस तरी दोन दिवसांचं नेलपॉलिश चार-पाच दिवस टिकेल.

नखं कापायची ती अंघोळीनंतर, कारण तेव्हा ती मऊ असतात आणि तडकत नाहीत. घासून आकार द्यायचा तो मात्र ती पूर्ण कोरडी झाल्यावर. फाइल नसेल तर हार्डवेअरच्या दुकानातला सगळ्यात बारीक पॉलिश पेपर आण, त्याची पट्टी आइस्क्रीमच्या काडीवर चिकटव, झाली फाइल. मागेपुढे खसाखसा घासायचं नाही. कडेकडून मधे, एकाच दिशेने. काडेपेटीच्या कडेवर नखं घासणाऱ्या मुली मी पुष्कळ बघते. तसं करू नकोस. त्या पट्टीत काचेची पूड आणि फॉस्फरस असतं, नखाची कड तिने फाटते आणि पापुद्रे सुटायला लागतात.

लांबीचा हट्ट सोड. भाकरी थापणाऱ्या, विहिरीवर कपडे धुणाऱ्या हाताला लांब नखं टिकत नाहीत आणि नक्षीसाठी ती लागतही नाहीत. बोटाच्या पुढे दोन मिलिमीटर आलेलं, गोलसर घासलेलं नख फोटोत फार सुरेख दिसतं. दहाही नखं सारख्या लांबीची असली की निम्मं काम झालं. एक नख मोडलं असेल तर बाकीची नऊ त्याच्या मापाला आण.

नखाच्या मुळाशी जी कातडीची बारीक कड असते, जिला पार्लरमध्ये आम्ही क्यूटिकल म्हणतो, ती कापायची नाही. कोणी काहीही सांगो. ती कड नख आणि कातडी यांच्यामधली फट बंद ठेवते. ती कापली की त्या फटीतून जंतू आत शिरतात आणि नखुरडं होतं. आपल्याकडे रोप लावणीच्या दिवसांत बायकांचे हात दिवस दिवस चिखलात असतात, आणि तेव्हा नखुरड्यांचं दुखणं घराघरांत असतं. अंघोळीनंतर टॉवेलच्या कोपऱ्याने ती कड हलकेच मागे लोटायची, बास. कुणाचं बोट नखाशी सुजलं असेल, नख जाड होऊन भुगा पडत असेल, हिरवट-काळं पडलं असेल, तर त्यावर रंग लावून ते झाकू नका. आधी डॉक्टरला दाखवा.

आता रंग. पहिला कोट तुझ्या पारदर्शक बाटलीचा. मरूनसारखा गडद रंग थेट नखावर बसला की त्यातला रंग नखात उतरतो आणि काढल्यावर नख पिवळट दिसतं. तो डाग घासून जात नाही, नख वाढेल तसा पुढे सरकतो. आणि हाताचं नख महिन्याला साधारण ३ मिलिमीटरच वाढतं, म्हणजे मुळापासून टोकापर्यंत नवं नख यायला सहा महिने. पायाच्या नखाला त्याहून दुप्पट वेळ लागतो.

बाटली हलवू नकोस, तळव्यांमध्ये धरून फिरव. हलवली की हवेचे बुडबुडे शिरतात आणि ते नखावर दिसतात. ब्रश बाटलीच्या तोंडावर एका बाजूने पुसून घे, दुसऱ्या बाजूला मण्याएवढा थेंब राहू दे. नखाच्या मुळापासून केसभर जागा सोडून ब्रश टेकव, टोकाकडे एक ओढ मधोमध, मग दोन बाजूंना एकेक. तीन ओढींत नख झालं पाहिजे. कुठे पातळ राहिलं तर लगेच परत जाऊ नकोस, दुसरा कोट ते भरून काढतो. आणि एक गोष्ट जवळजवळ कुणीच करत नाही, ती कर: ब्रशचं टोक नखाच्या पुढच्या कडेवरून, म्हणजे नख जिथे कापतो त्या जाडीवरून, आडवं फिरव. टवके तिथूनच उडायला सुरुवात होते. पारदर्शक, रंग, शेवटचा पारदर्शक, प्रत्येक कोटाला ती कड झाकायची.

कोट पातळ का, हे समजून घेतलंस तर पुढे कुणी सांगावं लागणार नाही. नेलपॉलिशमध्ये नायट्रोसेल्युलोज नावाचा पदार्थ विरघळवलेला असतो, आणि विरघळवणारी द्रवं म्हणजे इथाइल अ‍ॅसिटेट, ब्युटाइल अ‍ॅसिटेट. तो तिखट वास त्यांचाच. ही द्रवं उडून जातात आणि मागे रंगाचा पापुद्रा उरतो, यालाच आपण सुकणं म्हणतो. जाड थराचा वरचा भाग आधी सुकतो आणि खालच्या द्रवाची वाट बंद करतो, दुधावर साय धरते तसा. वरून बोट लावलं तर कोरडं लागतं, रात्री पांघरुणाची वीण मात्र त्यावर उमटते. म्हणून एका जाड कोटाऐवजी दोन पातळ, आणि दोन कोटांमध्ये चार-पाच मिनिटं. शेवटच्या कोटानंतर पाच मिनिटांनी हात गार पाण्यात दोन मिनिटं बुडवलेस तर वरचा थर लवकर कडक होतो. आतून पक्कं व्हायला तरीही दोन तास जातातच. तेवढा वेळ घरच्यांना सांगून काढून घे. संध्याकाळी स्वयंपाक उरकला, जेवणं झाली, की बस. लगेच झोपायचंही नाही.

आपल्या भागात पावसाची आणखी एक अडचण आहे. जून ते सप्टेंबर बेळगाव-खानापूरकडे हवा इतकी ओली असते, की सुकताना नेलपॉलिशवर दुधाळ झाक येते. द्रवं उडून जाताना पृष्ठभाग गार होतो आणि हवेतला ओलावा त्यावर धरतो. मरूनवर ती लगेच दिसते. अशा दिवसांत दारं-खिडक्या उघडून पावसाकडे तोंड करून बसू नकोस. घरातल्या कोरड्या खोलीत बस, कोट आणखी पातळ दे. गार पाण्याचा उपाय त्या दिवसांत करायचा नाही.

उजव्या हाताचं तुझं दुखणं सगळ्यांचंच आहे. पहिलं, उजवा हात आधी रंगव. डावा हात ताजातवाना असतो तेव्हाच अवघड काम उरकायचं. दुसरं, दोन्ही कोपरं टेबलावर किंवा पाटावर टेकलेली हवीत. उजवा हात सपाट ठेव, एकेक बोट पुढे घे. तिसरं, डाव्या हातातला ब्रश जवळजवळ स्थिर धर आणि नख असलेलं बोट हळूहळू वळव. ब्रश फिरवण्यापेक्षा बोट वळवणं कितीतरी सोपं जातं. आणि तरीही पसरणारच, तेव्हा त्याची सोय आधीच कर. नखाच्या भोवतीच्या कातडीवर फेविकॉलचा पातळ हात दे, नखाला न लावता, आणि तो पारदर्शक होईपर्यंत थांब. मग खुशाल रंगव. शेवटी तो पापुद्रा सोलून काढलास की बाहेर गेलेला रंग त्याच्याबरोबर निघून येतो. फेविकॉल नसेल तर व्हॅसलिन चालतं, पण ते नखाला लागलं तर तिथे रंग धरणार नाही. थोडंफार राहिलंच तर टूथपिकच्या टोकाला कापूस गुंडाळ, रिमूव्हरमध्ये बुडवून पिळ आणि कडेने फिरव. कडा स्वच्छ असल्या की साधा एकरंगी हातही पार्लरमधून आल्यासारखा दिसतो.

नक्षीची हत्यारं तुझ्या घरात आहेत. केसांच्या काळ्या पिनेचं गोल टोक म्हणजे मोठा ठिपका. संपलेल्या बॉलपेनच्या रिफिलचं टोक म्हणजे मधला. मोती बसवलेली टाचणी पेन्सिलीच्या मागच्या रबरात खोचली की धरायला चांगली येते, तिचाही ठिपका सुंदर पडतो. टूथपिक किंवा खराट्याचा हीर म्हणजे बारीक ठिपका आणि रेघ. नेलपॉलिशचे दोन थेंब दुधाच्या पिशवीच्या धुतलेल्या तुकड्यावर घ्यायचे आणि त्यातून उचलायचं. थेंब दोन-तीन मिनिटांत घट्ट होतो, तेव्हा नवा घ्यायचा. तार ओढल्यासारखं व्हायला लागलं, की त्या थेंबातून काम करूच नकोस.

ठिपके सारखे हवे असतील तर प्रत्येक ठिपक्याला टोक परत बुडव. न बुडवता पुढे गेलीस तर ठिपके लहान लहान होत जातात, आणि हे मुद्दाम करता येतं: मुळाशी मोठा, टोकाकडे लहान होत जाणारी ओळ फार नाजूक दिसते. पाच ठिपके गोलात, मधे सोन्याचा एक, झालं फूल. ठिपक्यांची रांगोळी घातलेल्या हाताला हे शिकवावं लागत नाही. तीच नजर, फक्त अंगण लहान झालं. ठिपका ओला असतानाच टूथपिकचं टोक त्याच्या मध्यावर टेकवून एका बाजूला ओढ आणि शेवटी किंचित वळव, त्याची कोयरी होते. दोन ठिपके शेजारी देऊन दोघांची शेपटी एकाच ठिकाणी ओढलीस तर बदाम. कोयरीच्या पोटात सुकल्यावर एक बारीक सोनेरी ठिपका दे. मला विचारशील तर साखरपुड्याला याहून शोभणारं काही नाही.

पण तुझ्या मरून-सोनेरी-पांढऱ्या बाटल्या बघून माझ्या मनात पहिलं आलं ते इरकलीचं लुगडं. आपल्याकडे घरात एकतरी इरकल असतेच, आजीची नाहीतर आईची. तिचा पदर समोर पसरून ठेव. लाल जमिनीवर पांढऱ्या टोकदार नक्षीचे पट्टे असतात, ते नखावर आणता येतात, आणि बहीण इरकल किंवा खणाचं काही नेसणार असेल तर हात आणि कापड एकमेकांना धरून राहतील. ते असं. मरूनचे दोन पातळ कोट देऊन पंधरा-वीस मिनिटं सुकू दे. मग एकेका नखावर काम कर. नखाच्या टोकाला पांढऱ्याचा आडवा पट्टा दे, नखाच्या चौथाईएवढा, जरा भरपूर. तो ओला असतानाच टूथपिकचं टोक पट्ट्यात टेकव आणि मुळाच्या दिशेने छोटीशी ओढ दे. टोक उचल, पुस, शेजारी दुसरी ओढ. नखावर पाच-सहा ओढी बसतात आणि पट्ट्याला करवतीसारखे दात येतात. दर ओढीनंतर टूथपिक पुसलं नाही तर दात जाड होऊन एकमेकांत मिसळतात. सगळं सुकलं की प्रत्येक दाताच्या टोकावर टाचणीच्या अणीने एक सोनेरी ठिपका. ही नक्षी दहाही नखांवर करू नकोस. दोन्ही हातांच्या अनामिकेवर आणि अंगठ्यावर कर, बाकीची नखं नुसती मरून, टोकाला सोन्याची बारीक कड. अंगठीचा फोटो अनामिकेचाच निघतो. सगळी बोटं भरली की डोळा कुठेच ठरत नाही.

कसुतीच्या टाक्यांसारखी नक्षी करावी असंही काही मुलींना वाटतं, गोपुरं, रथ, तुळशीवृंदावन. ती कापडाचे धागे मोजून भरायची कला आहे, नखावर तेवढी जागा नाही. कसुतीतली एखादी चार टाक्यांची चांदणी घे आणि ती ठिपक्यांनी कर, तेवढंच शोभतं.

सरळ रेघा हव्या असतील तर सेलोटेपपेक्षा औषधाच्या दुकानातली कागदी पट्टी चांगली, जखमेवर बांधतात ती. तिचा चिकटपणा कमी असतो. आधी हाताच्या मागच्या बाजूला दोनदा चिकटवून काढ, मग नखावर लाव, नाहीतर खालचा रंग घेऊन येईल. पट्टी लावून वर रंग दिल्यावर तो सुकायची वाट बघायची नाही, ओला असतानाच पट्टी ओढायची. सुकल्यावर ओढली की कड फाटते. खालचा रंग मात्र पूर्ण सुकलेला हवा, अर्धा तास तरी.

एका रंगातून दुसऱ्यात उतरत जाणारं नख हवं असेल तर भांडी घासायच्या नव्या स्पंजचा मऊ तुकडा काप, पाण्यात बुडवून घट्ट पिळ, त्यावर मरून आणि सोनेरी शेजारी शेजारी लाव आणि नखावर टपटप दाबत जा. खाली पांढरा कोट असेल तर रंग उजळ उठतात. कातडी खूप माखते, तेव्हा फेविकॉल आधी. पाण्यात रंग सोडून त्यात बोट बुडवायचं मार्बल मी सुचवणार नाही. बाटलीभर रंग वाया जातो, जुना रंग पाण्यावर पसरत नाही आणि पाणी गार असेल तर अजिबातच नाही. तसंच काहीसं हवं असेल तर पातळ प्लास्टिकच्या पिशवीचा बोळा करून त्याला पांढरा लावून मरूनवर दोनदा टेकव. दगडी नक्षी येते, आणि दोन बोटांचं काम पाच मिनिटांत होतं.

तुझ्यासाठी, म्हणजे करवलीसाठी, वर्तमानपत्राची नक्षी मला आवडेल. पांढऱ्याचे दोन कोट, पूर्ण सुकलेले, तासभर तरी. तरुण भारतचा किंवा घरी येतो त्या कुठल्याही पेपरचा नखाएवढा तुकडा काप, बारीक अक्षरांचा, फोटोचा नको. हाताला लावायचं सॅनिटायझर पातळ, पाण्यासारखं असेल तर ते, नाहीतर औषध दुकानातलं स्पिरिट. नख त्यात एक क्षण बुडव, कागद ठेव आणि न हलवता वीस सेकंद दाबून धर, मग एका बाजूने उचल. शाई नखावर उतरते. अक्षरं उलटी उमटतात, आरशात दिसतात तशी. हे आधीच सांगते, कारण देवनागरी आपल्याला वाचता येते आणि उलटी दिसली की खटकते. म्हणून अगदी बारीक मजकूर निवड, छोट्या जाहिरातींच्या पानाचा, म्हणजे ती फक्त नक्षी वाटेल. वरचा पारदर्शक कोट भरलेल्या ब्रशने, एका ओढीत दे. घासलंस तर शाई पसरते.

खडे लावायचे तर जुन्या टिकल्यांच्या पाकिटातले बारीक खडे चालतात, नाहीतर गणपत गल्ली, खडेबाजारात दहा-वीस रुपयांत पाकीट मिळतं. ओल्या पारदर्शक कोटावर ओलसर टूथपिकने उचलून ठेव, सुकल्यावर खड्याच्या कडेने परत पारदर्शक फिरव. फेविक्विकसारखा गोंद नखावर वापरायचाच नाही. तो नखाचा पापुद्रा घेऊन निघतो, आणि कापसाला किंवा सुती कपड्याला लागला तर इतका तापतो की कातडी भाजते. खडे डाव्या हातालाच लाव. आपण उजव्या हाताने जेवतो, वाढतोही त्याच हाताने. सुटलेला खडा ताटात जायला नको.

आता वेळेचा हिशोब, कारण घरात कार्य असताना गडबड इथेच होते. मेंदी आधी, नेलपॉलिश नंतर. मेंदीचा रंग चढायला एक-दोन दिवस लागतात, तेव्हा ती दोन दिवस आधी काढा. मेंदी काढायच्या आधी नखांवर पारदर्शक कोट द्या, म्हणजे नखं नारिंगी होणार नाहीत. नखाला लागलेली मेंदी रिमूव्हरने निघत नाही, ती नखाबरोबर वाढूनच जाते. मेंदी सुकून हातावरून उतरवल्यावर तो कोट रिमूव्हरने पुसून टाका. मेंदीला लावलेलं तेलही त्यातच निघेल. मग कार्याच्या आदल्या रात्री नखं. मेंदीच्या कोनात झटपट काळा रंग देणारा काही माल मिळतो, तो बहिणीच्या हाताला लावू देऊ नकोस. त्यातल्या रसायनाने फोड येतात, आणि काहींना आयुष्यभराची अ‍ॅलर्जी बसते.

पुढे लग्न येईल तेव्हा लक्षात ठेव, की पांढरं किंवा फिकं गुलाबी नेलपॉलिश हळदीत पिवळं होतं आणि धुतलं तरी तसंच राहतं. हळदीच्या दिवशी नुसता पारदर्शक कोट ठेवायचा, नक्षी हळद उतरल्यावर. साखरपुड्याला हळद लागत नाही, पण आदल्या दिवशी पुरणाचं, भाजीचं काम तूच करणार असशील तर पांढऱ्याचा भाग शेवटी ठेव.

रिमूव्हर आणि नेलपॉलिश दोन्ही पटकन पेट घेतात. चुलीजवळ, गॅसजवळ, देवापुढच्या समईजवळ बाटल्या उघडू नकोस. प्लास्टिकच्या खुर्चीवर, पॉलिशच्या लाकडी टेबलावर रिमूव्हर सांडलं तर डाग कायमचा, म्हणून खाली जाड कागद. बाटली घट्ट झाली असेल तर तिच्यात रिमूव्हर ओतू नकोस, रंग चिरा पडल्यासारखा सुकतो आणि टिकत नाही. नेलपॉलिशचं थिनर वेगळं मिळतं, त्याचे दोन-तीन थेंब पुरतात. झाकण लावण्याआधी बाटलीचं तोंड पुसलंस तर घट्ट व्हायची वेळच लवकर येत नाही. आणि घरात कुणी बाळंतपणाला किंवा ऑपरेशनला जाणार असेल तर तिच्या बोटांचं नेलपॉलिश काढूनच पाठव. रक्तातला प्राणवायू मोजायचं यंत्र बोटाला लावतात, गडद रंगामुळे त्याचा आकडा चुकू शकतो, आणि डॉक्टरांना नखाचा रंगही बघायचा असतो.

घरी लावायच्या जेल पॉलिशबद्दलही मुली विचारतात, दिव्याखाली सुकवायचं ते. ते घरी नको. त्यातली अ‍ॅक्रिलेट नावाची रसायनं अर्धवट सुकली आणि कातडीला लागत राहिली तर अ‍ॅलर्जी जडते, आणि ती जडली की पुढे दात भरायच्या सामानाचाही त्रास होऊ शकतो. साध्या नेलपॉलिशने तुझं काम पूर्ण होतंय.

कार्याच्या दिवशी पर्समध्ये मरूनची आणि पारदर्शक बाटली ठेव, एक टूथपिकही. टवका उडालाच तर सगळं नख काढायला बसू नकोस. उडालेल्या जागी टूथपिकने मरूनचा थेंब भर, पाच मिनिटांनी वरून पारदर्शक फिरव, लांबून कळत नाही. तिसऱ्या दिवशी घरी सगळ्यांच्या नखांवर पारदर्शकाचा आणखी एक पातळ कोट दिलास तर आठवडा सहज निघतो.

काढताना नखाने खरवडून काढायचं नाही, रंगाबरोबर नखाचा वरचा पापुद्राही निघतो. रिमूव्हरमध्ये भिजवलेला कापूस नखावर दाबून दहा सेकंद धर, मग टोकाकडे एकदाच ओढून घे. सोनेरी चमचमीतला जास्त वेळ लागतो. कापूस नखावर ठेवून वरून अ‍ॅल्युमिनियमच्या फॉइलची टोपी घाल आणि पाच मिनिटं थांब. खडे आधी सैल होऊ देत, उपटू नकोस. नंतर साबणाने हात धू आणि नखांना, भोवतीच्या कातडीला खोबरेल तेल चोळ. रिमूव्हर नख कोरडं करतं, म्हणून रोज रंग बदलायची सवय लावू नकोस. आठवड्यातून एकदा पुरे.